कुंभकोणमच्या रावांचे मूळ शोधताना

एकोणिसाव्या शतकात कुंभकोणमला जन्मलेले एक माधवराव आधी त्रावणकोरचे आणि पुढे बडोद्याचे दिवाण झाले. हे विधान दोन निरनिराळ्या माणसांना लागू पडते. पहिले सर टी. माधवराव. जन्म १८२८, त्रावणकोरची दिवाणगिरी १८५७ ते १८७२, मग इंदूर, नंतर १८७५ ते १८८२ बडोदा, मृत्यू १८९१. दुसरे व्ही. पी. माधवराव. जन्म १८५०, त्रावणकोर १९०४ ते १९०६, मग म्हैसूर आणि १९१४ ते १९१६ बडोदा. दोघेही तंजावरकडच्या मराठी घराण्यांतले, पण घराणी वेगळी. इतक्या नामवंत माणसांच्या बाबतीतही सन पाहिल्याशिवाय घोटाळा टळत नाही. मग सब-कोर्टातल्या एखाद्या रामराव कारकुनाचे नातू त्यांचा शोध घ्यायला बसले, तर त्यांच्यापुढे एकाच नावाची किती माणसे उभी राहतील याची कल्पना करा.

कुंभकोणमच्या मराठी घराण्यांचा शोध घेणाऱ्याला पहिला अडसर येतो तो नावाचाच. महाराष्ट्रात आपण आडनाव हाती धरून मागे जातो. तिकडे आडनाव बहुधा आद्याक्षरात दडलेले असते, किंवा पार नाहीसे झालेले असते. तमिळ रिवाजाप्रमाणे नावाआधीचे अक्षर वडिलांच्या नावाचे. पण सर टी. माधवरावांचे चिरंजीव, १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूरचे दिवाण असलेले आनंदराव, हेही ‘टी’च लावत. म्हणजे हे अक्षर वडिलांचे नसून तंजावरचे. माधवरावांचे चुलतभाऊ रघुनाथराव, इंदूरचे दिवाण, हे मात्र ‘आर’ लावत. घराणे एक, अक्षरे दोन. आणि व्ही. पी. माधवरावांच्या ‘पी’मध्ये चक्क पाटणकर हे आडनाव आहे. तेव्हा आद्याक्षर दिसले की ते गावाचे, वडिलांचे की आडनावाचे, हा प्रश्न आधी सोडवा. भाऊ, मुलगा आणि पुतण्या अशा तिघांची पूर्ण नावे शेजारी मांडली की उत्तर बहुतेक वेळा मिळते.

‘राव’ किंवा तमिळमधले ‘रायर’ पाहून घराणे मराठी ठरवू नका. कन्नड आणि तेलुगू घराण्यांतही राव आहेत. कुंभकोणमच्या सोलैयप्पन रस्त्यावरच्या माध्व मठात विजयींद्रतीर्थांचे वृंदावन (समाधी) आहे. त्या मठाच्या शिष्यवर्गात तिन्ही भाषांची घरे आहेत. शिवाय गावात सौराष्ट्र विणकरांची मोठी वस्ती आहे. त्यांची बोली ऐकून मराठी माणूस फसतो. तो समाज वेगळा, त्याचे मूळ गुजरातकडचे. घरी बोलली जाणारी भाषा, वेदशाखा आणि कुळदैवत या तिन्ही गोष्टी जुळल्यावरच पुढे जावे. शाखेची खूण विशेष उपयोगी. घराणे शुक्ल यजुर्वेदी माध्यंदिन असेल, तर महाराष्ट्राकडून आल्याचा तो चांगला संकेत आहे, कारण तमिळ ब्राह्मणांतले यजुर्वेदी बहुतेक कृष्ण यजुर्वेदी आपस्तंब. ऋग्वेदी आश्वलायन घराण्यांबाबत शाखा इतके बोलत नाही. तिथे कुळदैवत विचारावे. तुळजाभवानी किंवा खंडोबा सांगितला तर दिशा मिळते. तिरुपती सांगितले तर फारसे काही ठरत नाही, कारण दक्षिणेत गेल्यावर अनेकांनी बालाजीला कुळदैवत मानले. मराठा घराण्यांची गोष्ट वेगळी. भोसले, जगताप, गायकवाड अशी आडनावे त्यांच्याकडे पुष्कळ टिकली आहेत. तिथे आडनावाबरोबर देवक विचारा.

पूर्वज कधी आले?

“आम्ही राजांबरोबर आलो” हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते. ते नाकारू नये, पण तपासावे. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला राज्य उभे केले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. या पावणेदोनशे वर्षांत माणसे एकदाच आली नाहीत. लष्करी आणि कारभारी मंडळी प्रथम आली. पुढे दुसऱ्या शहाजीराजांनी विद्वानांना जमिनी दिल्या. कुंभकोणमजवळचे तिरुविशनल्लूर हे गाव १६९३ मध्ये शाहजिराजपुरम् या नावाने चाळीसहून अधिक पंडितांना अग्रहार म्हणून मिळाले. त्यांतले बरेच पंडित तमिळ किंवा तेलुगू होते. म्हणून अग्रहारात घर होते एवढ्यावरून मराठी मूळ सिद्ध होत नाही. समर्थ रामदासांचे शिष्यही तंजावर आणि मन्नारगुडीला मठ करून राहिले, आणि त्यांच्या मागोमाग काही कुटुंबे आली.

कुंभकोणमला मात्र बरीच घरे तंजावरहून सरकली असण्याचा संभव आहे, आणि त्याचे कारण नोकरी. १७९९ च्या तहाने तंजावरच्या सरफोजीराजांकडे किल्ला आणि आसपासचा मुलूख एवढेच उरले, बाकी कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. जिल्हा न्यायालय १८०६ पासून १८६३ पर्यंत कुंभकोणमला होते. मराठी, फारसी, तेलुगू जाणणाऱ्या कारकुनांना, वकिलांना, शिरस्तेदारांना काम तिथे मिळत होते. १८५४ मध्ये तिथे सरकारी शाळा निघाली, तिचे पुढे महाविद्यालय झाले. तिथे शिकवणाऱ्या टी. गोपालरावांच्या नावाचे वाचनालय आजही गावात आहे. १८५५ मध्ये राज्य खालसा झाल्यावर दरबारी चाकरी संपली, आणि पदवी घेऊन त्रावणकोर, म्हैसूर, हैदराबाद, बडोदा असे बाहेर पडणे सुरू झाले.

तुमच्या पूर्वजांचे पहिले लेखी नाव कुठल्या काळात सापडते, यावरून कोणते दप्तर पाहायचे ते ठरते. १७९९ आधीचे असेल तर दरबारचे मोडी कागद. त्यानंतरचे पण १८५५ च्या आतले असेल तर मोडीही आणि कंपनीचे इंग्रजी कागदही. १८६० नंतरचे असेल तर मोडीकडे धाव घेण्याआधी इनामाचे, नोंदणीचे आणि विद्यापीठाचे छापील कागद पाहावेत. ते वाचायला सोपे आणि मिळायला जवळ.

घरातला सर्वांत जुना दस्तऐवज

तो कागदावर नसतो. अमावस्येला तर्पण करणारा पुरुष स्वतःचे वडील, आजोबा, पणजोबा, आई, आजी, पणजी आणि आईकडचे तीन पुरुष व त्यांच्या तीन स्त्रिया अशी बारा नावे उच्चारतो, गोत्रासकट. १९४० मध्ये जन्मलेल्या काकांची ही बारा नावे तुम्ही लिहून घेतलीत, तर पिढीला तीस वर्षे धरून १८५० च्या आसपास जन्मलेल्या माणसापर्यंत एका बैठकीत पोहोचता. त्यातही सहा नावे स्त्रियांची. सरकारी कागदांत ज्या बायका फक्त ‘अमक्याची पत्नी’ म्हणून येतात, त्यांची नावे इथे शाबूत असतात. माझ्या मते वंशशोधनात याहून मोलाचे साधन आपल्याकडे नाही, आणि ते दरवर्षी थोडे थोडे हरवते आहे. कारण परदेशी किंवा मोठ्या शहरांत गेलेल्या पुढच्या पिढीत तर्पण करणारेच कमी होत चालले आहेत.

ज्यांचे वडील हयात आहेत ते तर्पण करत नाहीत. म्हणून प्रश्न योग्य माणसाला विचारा. महालयाला यादी याहून लांब असते. काका, आत्या, मामा, भाऊ, सासरे, गुरू अशा सगळ्यांना त्यात स्थान असते, आणि निपुत्रिक वारलेले चुलत आजोबा बऱ्याचदा फक्त इथेच भेटतात. घरात श्राद्धप्रयोगाची जुनी वही असेल तर तिच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर ही नावे उतरवलेली असू शकतात. ती वही आजोबांची असेल, तर तिच्यातले पणजोबा तुमच्या हिशेबाने आणखी दोन पिढ्या मागचे. वही कधी देवनागरीत, कधी ग्रंथ लिपीत, कधी तेलुगूत असते. लिपी वाचता येत नाही म्हणून ती बाजूला टाकू नका. आधी प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या.

घराण्याच्या वाध्यारांनाही भेटा. तिकडे पुरोहिताला वाध्यार म्हणतात. दोन-तीन पिढ्यांचे यजमान त्यांच्या तोंडी असतात आणि कोणाची तिथी कोणती हे त्यांना घरच्यांपेक्षा नीट ठाऊक असते. फक्त पितृपक्षात त्यांना फोन करू नका.

आता तिथीचा प्रश्न. तंजावरी मराठी घरांत श्राद्ध चांद्रमासाने होते, आणि भोवतालचा सगळा व्यवहार तमिळ सौरमासाने चालतो. तमिळ आवणी आणि आपला भाद्रपद यांतले दिवस काही वेळा एकमेकांवर येतात, पण ते महिने एक नव्हेत. “आवणी शुद्ध दशमी” असे कुणी सांगितले, तर ती नोंद तमिळ पंचांगावरून झाली की मराठी, हे विचारून मगच इंग्रजी तारीख काढा. संवत्सराच्या नावाबाबतही सावध राहा. प्रभव संवत्सर १८६७, १९२७ आणि १९८७ मध्ये सुरू झाले. पत्रिकेत फक्त प्रभव लिहिलेले असेल, तर साठ वर्षांची चूक सहज होते. शिवाय आपले वर्ष पाडव्याला बदलते, तमिळ वर्ष एप्रिलच्या मध्याला. या दोहोंच्या मधल्या आठवड्यांत जन्मलेल्या मुलाचे संवत्सर दोन पत्रिकांत दोन दिसेल. जमिनीच्या कागदांवर फसली सन असतो. मद्रास इलाख्यात तो १ जुलैला बदलतो आणि त्यात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. फसली १३०० म्हणजे १ जुलै १८९० ते ३० जून १८९१. मोडी कागदांवरचा सुहूर सन यापेक्षा निराळा. त्यात ५९९ मिळवावे लागतात, आणि वर्षअखेरच्या महिन्यांसाठी ६००.

दूरच्या माणसाला प्रश्न कसा विचारावा

आज पुण्यातला मोडी वाचक, चेन्नईतला निवृत्त महसूल अधिकारी, न्यू जर्सीतली तुमच्याच गोत्राची एखादी अभ्यासक बाई आणि कुंभकोणममध्येच राहणारा हौशी संशोधक यांच्याशी तुम्ही घरबसल्या बोलू शकता. आंतरजालावर वंशावळीचे काम करणारी ही माणसे बहुतेक विनामोबदला मदत करतात. त्यांचा वेळ वाया जाऊ नये ही आपली जबाबदारी. “आमचे पूर्वज कुंभकोणमचे राव होते, कुणाला काही माहिती आहे का?” या प्रश्नाला कुणीही उत्तर देऊ शकणार नाही, कारण तो प्रश्न शेकडो घरांना लागू आहे.

त्याऐवजी असे लिहा. नावे उदाहरणादाखल घेतली आहेत. “कुंभकोणम, सोलैयप्पन रस्ता. भारद्वाज गोत्र, ऋग्वेदी, माध्व. कुळदैवत तुळजाभवानी. पणजोबा रामराव, जन्म अंदाजे १८८०, कुंभकोणम सब-कोर्टात नोकरी, मृत्यू भाद्रपद वद्य नवमीला, सन अज्ञात. त्यांचे वडील भीमराव आणि आजोबा व्यंकटराव ही नावे आजोबांच्या श्राद्धप्रयोगाच्या वहीवरून. पत्नी सीताबाई, माहेर मन्नारगुडी, माहेरचे गोत्र काश्यप. १९१२ चे तमिळ खरेदीखत पाहिले आहे, त्यात चतुःसीमा आहेत. हवे आहे ते एवढेच: भीमरावांचे नाव १८६० ते १८८० मधल्या कुठल्या इनाम किंवा घराच्या कागदात कुणी पाहिले आहे का?” या मजकुरात काय माहीत आहे, ते कशावरून आहे आणि नेमके काय हवे आहे, या तिन्ही गोष्टी आल्या. वाचणाऱ्याला दोन मिनिटांत कळते की आपण उपयोगी पडू शकतो की नाही. स्त्रियांची माहेरे अवश्य द्या. मराठी घरांचे सोयरसंबंध तंजावर, कुंभकोणम, मन्नारगुडी अशा मोजक्या गावांत फिरत असल्यामुळे, ज्याला तुमचे रामराव माहीत नाहीत त्याच्या वहीत सीताबाईंचे भाऊ असू शकतात.

इंग्रजी कागदांत शोध घेताना स्पेलिंगचे सगळे प्रकार करून पाहा. जुन्या इंग्रजीत कुंभकोणम हे ‘कोंबाकोनम’ किंवा ‘कुंबाकोनम’ म्हणून येते आणि राव हे ‘रौ’, ‘रो’, ‘रॉयर’ अशा रूपांत. जिल्हेही बदलले आहेत. जुन्या तंजावर जिल्ह्यातून १९९१ मध्ये नागपट्टिणम वेगळा झाला, नंतर तिरुवारूर आणि २०२० मध्ये मयिलाडुतुरै. पणजोबांच्या कागदावरचे तंजावर जिल्ह्यातले गाव आज दुसऱ्याच जिल्ह्याच्या कचेरीत असेल. मायावरम म्हणजेच आजचे मयिलाडुतुरै, हे महाराष्ट्रातून शोधणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

मदत मिळाली की तिची परतफेड कागदाने करा. कुणी मोडी कागद वाचून दिला, तर त्याचे देवनागरी लिप्यंतर टंकून, मूळ प्रतीच्या छायाचित्रासह त्या वाचकाला परत पाठवा. त्याच कागदात साक्षीदार म्हणून आलेल्या चार नावांतून दुसऱ्या कुणाचा धागा जुळू शकतो. मागणाऱ्यांची गर्दी असते, देणारे थोडे. देणाऱ्याचे नाव लोकांच्या लक्षात राहते आणि त्याच्या पुढच्या प्रश्नाला उत्तर लवकर येते, हे मी वारंवार पाहिले आहे.

कागदाचे छायाचित्र काढायचे ते दिवसाच्या उजेडात, पान पूर्ण आणि कडांसकट. मग प्रत्येक तृतीयांश भागाचे जवळून. मागची बाजू कोरी दिसली तरी तिचेही घ्या, कारण सारांश आणि तारीख पुष्कळदा मागे असते. कागदाला प्लास्टिकचे आवरण चिकटवू नका, त्याने तो कायमचा नासतो. तंजावरच्या मोडीचे वळण पेशवाई मोडीहून थोडे निराळे आहे आणि त्यात तमिळ गावांची व पदांची नावे मराठी प्रत्ययांसह येतात. म्हणून पुण्याच्या वाचकाला गावांची संभाव्य यादी सोबत द्या, त्याचे काम निम्मे होईल. मोडी स्वतः शिकायची असेल, तर महाराष्ट्राचे पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ यांचे वर्ग होतात. छापील तमिळ आता फोनवरही बऱ्यापैकी वाचून मिळते. हाताने लिहिलेल्या जुन्या दस्तांना मात्र माणूसच लागतो.

कोणते दप्तर, कशासाठी

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदांची शेकडो बंडले आहेत. तिथे थेट जाऊन “आमच्या घराण्याचे कागद दाखवा” म्हणणे व्यर्थ आहे. हे कागद दरबारच्या खात्यांचे आहेत: खर्च, पगार, देणग्या, छत्रे, मिरवणुका. पूर्वज दरबारी चाकरीत होते, किंवा त्यांना काही दान मिळाले होते, तरच नाव सापडेल. आधी घरबसल्या दोन तमिळ ग्रंथ पाहा. के. एम. वेंकटरामय्या यांचा मराठा राजांच्या काळातल्या राजकारणावर व समाजजीवनावर लिहिलेला मोठा ग्रंथ याच मोडी कागदांच्या आधारे आहे, आणि तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागदांचे तमिळ भाषांतर तीन खंडांत छापले आहे. त्यांच्या सूचीत नाव आले तर बंडलापर्यंतचा रस्ता मोकळा होतो. हे खंड तमिळमध्ये आहेत, म्हणून इथे तमिळ वाचणारा सहसंशोधक आणि मोडी वाचणारा सहसंशोधक अशी जोडी जमवावी. याच ग्रंथालयात जंबुनाथभट्ट लांडगे, कागलकर, पतंग अवधूत यांच्यासारख्या तंजावरकर घराण्यांनी दिलेले खासगी संग्रहही आहेत. पूर्वज शास्त्री किंवा हरिदास असतील, तर पोथीच्या शेवटी लेखनिकाचे नाव, गाव आणि शक पाहायला विसरू नका.

चेन्नईला एग्मोरमध्ये तमिळनाडू अभिलेखागार आहे. मद्रास इलाख्यात १८५८ नंतर इनाम कमिशनने प्रत्येक इनामाची चौकशी केली. तिच्या नोंदवह्यांत मूळ दान कोणी, कोणाला दिले आणि त्या वेळी कोण उपभोगत होते, हे नात्यासह लिहिलेले असते. इनाम असलेल्या घराण्याला यातून एका फटक्यात तीन पिढ्या मिळू शकतात. गावाचे नाव आणि तालुका अचूक असल्याशिवाय ही वही उघडता येत नाही, म्हणून तो तपास आधी करा.

बिनइनामी, नोकरदार घरांसाठी मला सर्वांत आवडते साधन म्हणजे मद्रास विद्यापीठाची जुनी कॅलेंडरे. दरवर्षीच्या पदवीधरांची नावे त्यांत महाविद्यालयासह छापलेली आहेत. इंटरनेट अर्काइव्हवर कित्येक वर्षांचे खंड मोफत वाचता येतात. कुंभकोणम कॉलेजमधून बी.ए. झालेले आजोबा तिथे हमखास भेटतात, आणि एकदा वर्ष कळले की नागरी सेवेच्या याद्यांत त्यांची बदली-बढती वर्षागणिक माग काढता येते. पूर्वज संस्थानी नोकरीत गेले असतील तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ, तसेच त्रिवेंद्रम आणि बडोद्याची दप्तरे पाहावीत.

घर किंवा शेत विकले गेले असेल तर नोंदणी कार्यालयातले जुने दस्त उत्तम. वाटणीपत्र मिळाले तर सर्व भावांची नावे एकत्र येतात, आणि चतुःसीमेत शेजाऱ्यांची. कुंभकोणमच्या रस्त्यांवर मराठी चुलत घराणी शेजारी शेजारी राहत, तेव्हा शेजारी कोण हेही टिपून ठेवा. भाऊबंदकीचा किंवा दत्तकाचा दावा वरच्या न्यायालयात गेला असेल, तर छापील निवाड्यांत पूर्ण वंशवृक्षच सापडण्याचा संभव असतो. तंजावरच्या राजघराण्याचा, कामाक्षीबाईसाहेबांचा दावा १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. साध्या घरांचे दावेही मद्रास हायकोर्टाच्या निवाडेसंग्रहांत आहेत. जन्ममृत्यूच्या नोंदींचा मद्रासचा कायदा १८९९ चा. जुन्या नोंदीत बाळाचे नाव पुष्कळदा नसते, फक्त ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. म्हणून वडिलांचे नाव आणि रस्ता सांगून शोध घ्यायला सांगा.

तीर्थोपाध्यायांच्या वह्यांबद्दल महाराष्ट्रात बरेच औत्सुक्य आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या नामावळ्या गाव आणि आडनाव यांवरून उघडतात, आणि कुंभकोणमच्या घराकडे नेमकी तीच माहिती नसते. काशी-गयेच्या पंड्यांचे यजमान प्रांतवार वाटलेले असतात. तंजावरहून गेलेला मराठी यात्रेकरू तिथे महाराष्ट्राच्या वहीत नसून दक्षिणेच्या वहीत असण्याचा संभव अधिक, म्हणून तशी विचारणा करा. रामेश्वरच्या मंदिराचे पुजारीही मूळचे महाराष्ट्रीय ब्राह्मण आहेत. तिथे मराठीत विचारलेले समजते. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर हिंदू तीर्थक्षेत्रांच्या वह्यांची छायाचित्रे मोफत आहेत, पण ती मुख्यतः हरिद्वारसारख्या उत्तरेकडच्या क्षेत्रांची. त्यांत फार वेळ घालवू नये.

झाड मांडताना

दक्षिणेत मामाच्या मुलीशी आणि कित्येक घरांत थेट भाचीशी विवाह होत. त्यामुळे एकच माणूस झाडात दोन ठिकाणी येतो, आजोबा आणि पणजोबा या दोन्ही नात्यांनी. संगणकाला ही चूक वाटते आणि आंतरजालावरचे उत्साही मदतनीस ती ‘दुरुस्त’ करून टाकतात. प्रत्येक व्यक्तीला एकच क्रमांक द्या आणि अशा विवाहाची टीप स्पष्ट लिहा. जनुक चाचणीच्या निकालांवरही याचा परिणाम होतो. वारंवार आपसांत सोयरीक झालेल्या समाजात दूरचा नातलग जवळचा दिसतो. सासरी गेल्यावर मुलीचे नाव बदलण्याची चाल असल्यामुळे तिची दोन्ही नावे नोंदवा, नाहीतर एकीच्या दोन बाया होतात. दत्तक गेलेल्या मुलाचे गोत्र बदलते. तर्पणात तो दत्तक घराची नावे घेतो, पण जन्मदात्या घराचे कागदही त्याच्याबद्दल बोलतात. सरफोजीराजे दुसरे स्वतः दत्तक होते आणि त्यावरून राज्यात मोठा वाद झाला, हे लक्षात ठेवले म्हणजे साध्या घरातल्या विसंगतीने गोंधळून जायला होत नाही.

प्रत्येक नावापुढे पुरावा लिहा: तर्पण, खरेदीखत, कॅलेंडर, कुणाची आठवण. जेनी किंवा विकीट्री या संकेतस्थळांवर दहा झाडांत एकच तारीख दिसली, तर ते दहा पुरावे नव्हेत. बहुधा एकाने लिहिलेले नऊ जणांनी उतरवून घेतलेले असते. फार मागच्या पिढ्यांबाबत तर जास्तच संयम हवा. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये बाबुराव चिटणिसांनी रचलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख कोरला आहे. अलीकडच्या पिढ्यांसाठी तो मोलाचा आहे, पण त्यातले पुराणकाळापर्यंत जाणारे दुवे इतिहास म्हणून कोणी घेत नाही. दगडावर कोरलेल्या राजवंशालाही जर ही कसोटी लावायची, तर आपल्या घरच्या आख्यायिकेलाही लावायला हवी. आख्यायिका पुसू नका, वेगळ्या पानावर ‘ऐकीव’ म्हणून ठेवा.

हयात माणसांची जन्मतारीख, पत्ता, फोन उघड झाडावर घालू नका. जुने दस्त मागताना चुलत घराण्यांना आधी कळवा की शोध वंशावळीसाठी आहे. कुंभकोणमच्या घरांवर आजही सामाईक हक्क लटकलेले असतात, आणि खतांची चौकशी झाली की मनात शंका येते. एकदा ती आली की काकू फोन उचलत नाहीत आणि बारा नावे तिथेच राहतात.

काम एका टप्प्यावर आले की त्याच्या छापील प्रती काढा. मदत केलेल्या प्रत्येकाला एक आणि सरस्वती महाल ग्रंथालयाला एक. मजकूर मराठीत असेल, तर व्यक्तींची नावे तमिळ लिपीतही द्या. कुंभकोणममध्ये वाढलेल्या पुढच्या पिढीतली बरीच मुले देवनागरी वाचत नाहीत. संगणकावरची फाइल गेडकॉम स्वरूपातही जपून ठेवा. ते स्वरूप वंशावळीचे जवळजवळ प्रत्येक साधन वाचते, त्यामुळे तुम्ही वापरत असलेले संकेतस्थळ उद्या बंद पडले तरी झाड दुसरीकडे नेता येते.